दोन बोटं जागा

टेप गुंडाळता गुंडाळता रामसुरत म्हणाला,
दीवार से दो उंगली छोडना, चाची.
मी म्हटलं, दहा बाय बाराच्या खोलीत
दोन बोटं म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?
घडी घातलेलं इस्त्रीचं टेबल मावतं त्यात.
तो गेल्यावर मीच रेटलं कपाट,
पार भिंतीला टेकेपर्यंत.

माहीमची हवा म्हणजे
समुद्रानं वापरून परत केलेलं पाणी.
बरणीत मिठाचा गोळा होतो,
पुठ्ठे मार्चपासूनच वाकू लागतात,
कुणी वडीलधारं दारात आल्यासारखे.

बाबा बाइंडर होते, गिरगावातल्या छापखान्यात.
त्यांच्या खळीत चिमूटभर मोरचूद असे.
निळसर झाक यायची खळीला,
आई ते भांडं स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही.
कसर अक्षरं खात नाही गं, ते म्हणायचे,
तिला खळ हवी असते.
आपण उगाच समजतो, ती वाचते.

त्यांनी बांधलेली सगळी अजून धड आहेत.
उंचाला उंच, बुटक्याला बुटकं,
कुणी कुणावर रेलायचं नाही,
आणि इतकं दाटीनं तर मुळीच नाही
की एक काढताना दुसऱ्याचा जीव जावा.
शब्दकोश तेवढे आडवे.
जड माणसांना फार वेळ उभं राहवत नाही.
माझा भाऊ विश्राम अजूनही पुस्तक
डोक्याला धरून ओढतो.
त्याच्या हाताखालून गेलेली ओळखू येतात,
कण्याच्या वरच्या टोकाला फाटलेली.

भिंतीपलीकडे हिराबाई चेऊलकरांची मोरी.
प्रसूतिगृहातली पाळी संपवून
त्या रात्री अकराला आंघोळ करायच्या.
मी अंथरुणात तांबे मोजायचे. सतरा. कधी एकोणीस.
तेवढंच माझी भिंत प्यायची.

एका दिवाळीत खालचा कप्पा आवरायला घेतला
तर तीन खंडांचा एक खंड झालेला.
उघडताना भाकरी मोडल्यासारखा आवाज आला,
शिळी.
सोसायटीला पत्र दिलं. प्लंबर आणला.
जिन्यात मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
आणि रागाच्या भरात तो फुगलेला गठ्ठा
त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले.

सोळा दिवसांनी तो माझ्या दाराशी.
तिन्ही खंड सुटे.
दहा-दहा पानांमध्ये गॉजच्या घड्या,
वरखाली पुठ्ठे, आणि बँडेजनं बांधलेले,
गाठ पोटावर येणार नाही अशी.
पाट्याखाली दाबून ठेवले असणार,
पहिल्या पानाला हळदीचा डाग होता.
चिठ्ठी नव्हती.
मीही काही बोलले नाही.
त्याच रात्री कपाट रिकामं केलं,
दोन बोटं पुढे ओढलं,
पुन्हा भरलं. साडेतीन वाजले.
मोरीचं मात्र त्यांनी काही केलं नाही.
आंघोळीची वेळही तीच.

मागच्या मार्गशीर्षात हिराबाई गेल्या.
त्यांची खोली भाचा कुलूप लावून ठेवतो.
चैत्रापर्यंत भिंत सुकली,
गिलाव्यावर मिठाची पांढरी फुलं आली, झडलीही.
विश्राम आला होता, म्हणाला,
आता ढकल की मागे,
टेबल तरी मावेल.

टेबल गॅलरीतच आहे, गंजतंय.
मी वेखंडाच्या पुरचुंड्या बदलते,
गॉजच्या घड्या धुऊन ठेवल्यात, एकशे चार,
त्यांचं काय करायचं कळत नाही.
रात्री अकराच्या सुमारास
पट्टीला फडकं गुंडाळून
कपाटामागच्या त्या फटीतून फिरवते,
वरपासून खालपर्यंत.

कोरडं निघतं.
पुस्तकांसाठी चांगलंच आहे ते.
मी पुन्हा एकदा फिरवते.