अर्धा इंच माया

उद्यमनगरात, बंद फाउंड्रीच्या भिंतीलगत
आमची चारशेसात उभी असते.
अठ्ठावीस वर्षं गूळ वाहिला तिनं.
अजून ऊन तापलं की हौद्यातून वास सुटतो
आणि मुंगळे चढून येतात रांगेनं,
रिकाम्या गाडीत कशाला, त्यांनाच ठाऊक.

आता तिला छप्पर आहे, दोन बाकं, शेगडी,
आणि माझ्या पायमशीनला कोपरा,
तो मी भांडून घेतला.
हे म्हणाले, फिरूया. जिथं माल टाकून
रातोरात परत आलो, ती गावं दाखवतो.
मी म्हटलं, त्या पत्र्यात? भाजून निघायला?
पन्नाशी उलटल्यापासून माझ्या अंगात
चूल न पेटवता जाळ होतो.

म्हणून एसी आला.
बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातून,
मॅनेजरच्या केबिनचा, खिडकीतला, पाऊण टनाचा.
आमच्या ठेवीतलं तेवढंच परत मिळालं.
"पाऊण टन?" हे हसले, "दोघांनी उचललं की!"
दस्तगीर शिकलगार म्हणाला,
"वजनाचा टन न्हवं मामा.
टनभर बर्फ दिवसात इरघळताना
जेवढी धग खाईल, त्याच्या पाऊण."
ह्यांनी मान हलवली.
काट्यावर न चढवता टन मोजतात,
हे त्यांना अजून पटलेलं नाही.

माप मी घेतलं. गळ्यातली टेप काढली,
खोक्याची रुंदी, उंची, खडूनं पत्र्यावर रेघ.
दस्तगीर ग्राइंडर घेऊन वाकला, मग थांबला.
"काकी, माया किती सोडू?"
मला हसू आलं. चाळीस वर्षं ब्लाउज शिवते,
माया आत सोडायची असते,
अंग भरलं की उसवून सैल करायला.
पत्र्याचं उलटं. माया भोकात सोडायची,
गाडी हादरली की खोकं घासू नये म्हणून.
"अर्धा इंच," मी म्हटलं, "चारी बाजूंनी."

ठिणग्या उडाल्या, कुत्रं पळालं.
पत्र्याचा चौकोन खाली पडला
आणि पहिल्यांदाच हौद्यातून
समोरच्या चहावाल्याचं तोंड दिसलं. त्यानं हात केला.

अँगल ठोकले, वर खोकं बसवलं.
दस्तगीरनं खिशातून बेअरिंगची गोळी काढली,
एसीच्या टपावर ठेवली. गोळी आत घरंगळली, माझ्याकडं.
"न्हाई चालायचं. पाणी अंथरुणात येतंय."
वायसर काढला, दुसरा घातला.
तिसऱ्या खेपेला गोळी सावकाश
बाहेरच्या अंगाला गेली आणि रस्त्यावर पडली.
ती शोधण्यात अर्धा तास गेला.
फटीत मी जुन्या गादीचा फोम भरला,
वरून रेक्झिनची पट्टी, दुहेरी टीप.

मीटर घरात. वायर गल्ली ओलांडून आली,
गाडी म्हशीसारखी दाराशी बांधल्यागत दिसायला लागली.
रात्री आम्ही गाडीतच झोपलो,
आपल्याच घरापासून वीस पावलांवर.

खोकं आधी खोकलं, मग घुमायला लागलं.
अंग थरथरावं असा घुमारा,
बाकाच्या फळीतून पाठीत उतरणारा.
मला काही केल्या झोप येईना.
कूस बदलून बघते तर हे घोरतायत.

गाडी विकत नाही म्हणून हट्ट धरला, त्याला तीन वर्षं झाली.
तेव्हापासून हा माणूस पहाटे तीनला
सोप्यावर बसून असायचा. डॉक्टर झाले, काढे झाले.
घरात फार शांत आहे, असं एकदा म्हणाले होते.
मी त्यांना खुळ्यात काढलं होतं.

माझे पाय गारठले. हात बटणाकडं गेला,
तिथंच थांबला.
वाकळ गळ्यापर्यंत ओढली, टोपडं बांधलं,
एप्रिलच्या कोल्हापुरात.

बाहेर डब्यात थेंब पडत होते.
सकाळी डबा भरला होता,
दस्तगीर बॅटरीत घालायला घेऊन गेला.
निघायचं कधी, हे विचारायचं राहूनच गेलं.
हे अजून झोपले होते. नऊ वाजले होते.