उपकरण सापडत नाही

टीव्ही समोर आहे, चार हातांवर.
भिंतीतल्या चार स्क्रूंपैकी तिरका गेलेला तिसरा
मीच पिळला होता.
लॅपटॉप म्हणतो, जवळपास कुठलंही उपकरण सापडत नाही.

विदुला खुर्ची ओढून बसलीय,
मान जराशी डावीकडे, डॉक्टरांनी शिकवली तशी.
मधोमध तिला आता काही दिसत नाही,
दिसतं ते सगळं कडेकडेने.
"झालं का?"
होतंय.

मोठ्या पडद्यावर बघू, हे मीच म्हणालो होतो.
तीस वर्षांचे तिचे कागद,
वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाची कल्याणकडची उतरण,
टिपकागदात दाबून वाळवलेली, दोऱ्याने टाचलेली पानं
महिनाभर बसून स्कॅन केली.
तीनशे बारा फायली.
लॅपटॉपच्या तेवढ्याशा चौकटीत
तिला त्या म्हणजे नुसता तपकिरी धूर.

राउटर बंद केला. तीसपर्यंत मोजलं. चालू केला.
टीव्हीचा प्लग काढून पुसून परत लावला,
पुसण्याचं काही कारण नव्हतं.
अपडेट आलं होतं, ते अठ्ठावीस टक्क्यांवर चहा होईपर्यंत थांबलं.
स्क्रीनने विचारलं, दोघंही एकाच नेटवर्कवर आहात ना?
छत्तीस वर्षं झाली, म्हटलं,
असायला हवं.
मग विचारलं, हे नेटवर्क सार्वजनिक की खाजगी?
धायरीतली आमची सोसायटी,
खालच्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांवर आमचा भात ठरतो.
त्या प्रश्नाकडे बघत राहिलो जरा वेळ
आणि खाजगी दाबलं.

तेव्हा कुठे यादीत एक नाव उगवलं: लिव्हिंग रूम.
दाबलं. जोडतोय, जोडतोय, जोडलं.
आमचा टीव्ही तसाच निळा.
लॅपटॉप मात्र छातीठोक सांगतोय, दाखवतोय म्हणून.
मी एक पान उलटलं, दुसरं उलटलं,
पाचुंदा, मोई, मेडशिंगी,
निळ्याला ढिम्म फरक नाही.

बेल वाजली.
खालचा ओजस, हातात रिमोट, धापा टाकत.
"काका, आमच्या टीव्हीवर पाचोळा येतोय.
शेवटची ओव्हर होती.
बाबांना वाटलं जाहिरात, त्यांनी ओके दाबलं."

माफी मागायला म्हणून खाली गेलो, ती पण आली, कठडा धरून.
बोडक्यांच्या भिंतीवर, फुटबोर्डाएवढा मोठा,
टाचलेला दोरा दिसेल इतका स्वच्छ
गणेर उभा होता.
विदुला पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली,
मग उलटी दोन पावलं मागे,
मान डावीकडे.
"एकोणनव्वद," ती म्हणाली. "मार्च. पान एकही नव्हतं झाडावर,
नुसती पिवळी फुलं, आणि वर चढायला कुणी तयार होईना."
बोडके स्कोअर विसरले असं मी म्हणणार नाही,
ते मोबाइलवर बघत होते,
पण आवाज बंद करून.

दुसऱ्या दिवशी ओजसने आमचा रिमोट घेतला,
सेटिंगच्या पोटातल्या पोटात कुठेतरी गेला
आणि म्हणाला, "काका, हे घेतल्यापासून बंदच होतं."
एवढंच.
वर म्हणाला, तापकीर गल्लीत केबल मिळते, साधी,
तिला कुणाची परवानगी लागत नाही.

केबल अजून आणलेली नाही.
चित्र येतं, उशिरा येतं.
इथे मी बोट हलवतो,
तिथे जुनं पान क्षणभर रेंगाळतं, मग जातं.
तेवढ्या फटीत,
पडदा अजून मागच्याच झाडावर असताना,
विदुला पुढच्याचं नाव सांगून मोकळी होते.

काल एकदा चुकली. धायटी म्हणाली, आली मुरुडशेंग.
मी गप्प राहिलो.
"क्रम तू बिघडवलास," ती म्हणाली,
आणि खरंच,
बिघडवला होता.