जिन्यातली खुर्ची

एर्झुरुमच्या डोंगरावर मे महिन्यातही बर्फ उरलेला,
आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
इझमिरचं हॉटेल शोधत बसलेलो.
जुलैतले पाच दिवस. माणसंही पाच.
वडिलांनी पाकिटाच्या पाठीवर पैशांचा आकडा लिहून
त्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

वडिलांना लिफ्ट हवी.
गुडघ्याचं नाव न घेता म्हणाले, "सामान असतं ना."
माझ्या इलगिनला पोहायचा तलाव, जमलं तर गच्चीवर.
जेवदेत म्हणाला, नाश्ता भाड्यात धरलाय का तेवढं बघ.
मला एसी,
आणि मधे लागेल असं एक दार.

आई चहा ओतत होती. तिला कोणी विचारलं नाही.
एकोणीस हिवाळे तिने पालांडोकेनच्या उतारावर
स्की खेळायला येणाऱ्यांच्या खोल्या आवरल्या.
तिला हॉटेलात राहायला नेणं म्हणजे
भट्टीवाल्याला पाव खायला बोलावणं.

मी सहजच फोन तिच्यापुढे धरला.
तिने चष्मा चढवला, दोन बोटांनी फोटो ताणला.
समुद्र नाही बघितला, झुंबर नाही बघितलं.
"ही चादर बघ. खोचलीय, पण दुमड वाकडी.
खोलीमागे बारा मिनिटं देत असणार पोरींना."
पुढचं.
"टॉवेलाचे हंस. जेवणाच्या सुट्टीतून काढलेले."
पुढचं.
"सगळी काचेची न्हाणी. पुसणारीचा खांदा बघा म्हणावं."
एके ठिकाणी पांढरा गालिचा होता. तिथे ती नुसती हसली.

तासाभरात अठरा हॉटेलं गळली.
"आई, आपण राहायला चाललोय, नोकरीला नाही."
"चहा घे जेवदेत, निवतोय."

मग बास्माने स्टेशनामागचं एक निघालं,
चार मजली, तलाव नाही, फोटो तर गचाळच.
एकात चुकून जिन्याचा कोपरा आलेला:
एक खुर्ची, तिच्यावर उशी,
खाली चपलांचा जोड, शेजारी पाण्याचा पेला.
आईचं बोट तिथे थांबलं.
"इथे बसू देतात," ती म्हणाली.

इलगिन रडली. वडिलांनी लिफ्टचं विचारलं.
लिफ्ट होती.

जुलैत इझमिरचं डांबर चपलेला चिकटायचं.
लिफ्टमध्ये दोनच माणसं मावायची,
किंवा वडील आणि एक बॅग.
रात्री दोनला एसी खोकायचा, मग आपला आपण बरा व्हायचा.
खिडकीतून समुद्र दिसे, दोन इमारतींच्या फटीत,
पंजाएवढा. इलगिनने तो बोटांनी मोजला,
आणि कोनाकच्या धक्क्यावर अख्खा भेटला तेव्हा
ओळखीचा असल्यासारखा त्याला हात केला.

आईची झोप पाचला मोडायची.
स्वतःचा पलंग ती असा लावायची
की शेजारचा माझा बघून मलाच लाज वाटे.
आणि दाराबाहेर ती पुठ्ठ्याची पाटी अडकवायची:
त्रास देऊ नका.
रोज. टॉवेल तिने स्वतः धुतले, खिडकीत वाळवले.
"पैसे भरलेत आपण," मी चिडून म्हटलं.
"भरलेत ना. मग तिचे ती घेईल."

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास
बोळातून चाकांचा आवाज आला.
आई उठून दाराशी गेली, दाराच्या भोकाला डोळा लावला.
बाहेर हेझाल होती, मार्दिनची,
आदल्या दिवशी जिन्यात दोघी बराच वेळ बोलल्या होत्या,
पाठीबद्दल, बहुतेक.
गाडी आमच्या दाराशी थांबली.
मग पुढे सरकली.
मग काही ऐकू येईना.

"बसली," आई हळूच म्हणाली.

आणि मग तीही आली,
आपल्याच हाताने ताणून लावलेल्या त्या पलंगावर,
भर दिवसा, अकरा वाजता,
चादरीला सुरकुती पडली तर पडू दे म्हणत
पाय लांब करून आडवी झाली.