बारा पाठी

मुहर्रकला आम्ही राहतो त्या घराला
रस्त्याच्या बाजूने एकही खिडकी नाही.
जे काय उघडं आहे ते सगळं आत,
चौकात.
अरबीत चौकाला होश म्हणतात.
पहिल्या दिवशी मला हौस ऐकू आलं,
म्हटलं, चला, भाड्यात हौसही धरलीय.

बारा खोल्या, अडतीस माणसं,
खोलीगणिक एक एसी.
बारातले नऊ मीच बसवलेत,
तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.
रस्त्याकडची भिंत फोडायची नाही, ही मालकाची अट,
म्हणून बाराही यंत्रांच्या पाठी चौकाकडे.
आत आम्ही अठरा अंशांत पांघरूण घेतो
आणि आपापली ऊब
एकमेकांच्या दारात टाकतो.
ऑगस्टात गल्लीतल्या हवेला पाणी सुटतं,
इथे मात्र बनियन सात मिनिटांत कडक.
न्हाणीकडे जाणारा टॉवेल डोक्यावर घेऊन पळतो,
गारा पडत असल्यासारखा.

मालक खलफ महिन्याला येतो, दारातच थांबतो.
पैसे मोजतो, आणि एकदा वर बघतो
आभाळाच्या चौकोनाकडे,
मीटरचं रीडिंग घेतल्यासारखा.

मग एका रात्री गल्लीतली केबल जळली.
बाराही पाठी एकदम गप्प.
कानांना ठेच लागली.
पहिला तास शिव्यांचा, चार भाषांत.
नंतर एकेक गादी दाराबाहेर आली.
शशिधरनने बादलीभर पाणी फरशीवर ओतलं,
मोफज्जलने आणखी दोन.
आणि मी, बावीस वर्षं हवेचाच धंदा केलेला,
पाठीवर पडून बघत राहिलो:
गरम हवा आपलं बिऱ्हाड उचलून वर निघालीय,
जिना नसताना,
आणि तिच्या जागी काहीतरी उतरतंय.
गार नव्हे. गार म्हणणार नाही मी, धंद्याची शपथ.
पण अंगाला कळेल इतपत.

खलफ टॉर्च घेऊन आला.
पहिल्यांदाच उंबरा ओलांडला, चपला काढल्या,
चौकाच्या मधोमध टाचेने फरशी ठोकली.
“इथे कनार होता.”
कनार म्हणजे?
त्याने बोटांनी छोटा गोल केला, बी थुंकून दाखवली.
बोर! मी ओरडलोच.
बोरोई, मोफज्जल म्हणाला. बयर, दिलबहादूर.
त्याची पानं वाटून बायका इथे केस धुवायच्या,
खलफ म्हणाला,
आणि आम्ही अडतीस बाप्ये
थोडा वेळ काहीच बोललो नाही.

तोडलं कुणी?
“मीच. माणशी भाडं घ्यायचं ठरल्यावर.”
टॉर्च विझवली त्याने. बॅटरी वाचवायला असेल.

लाइट साडेतीनला आली.
यंत्रं खाकरली, गरम वारा पायांवरून चढला,
गाद्या ओढत सगळे आत.
मीही. खोटं कशाला सांगू,
खरी झोप आतच लागली.

फक्त माझ्या एसीची नळी,
जी गटारात सोडली होती,
ती मी मधल्या भेगेपर्यंत आणलीय.
दीड टनाला दिवसाकाठी दहा-बारा लिटर पाणी पडतं,
नुसता हिशेब म्हणून सांगतो.
भेगेत अजून काही नाही. शेवाळ आहे.

परवा खलफ आत आला आणि नळीला अडखळला.
बोलला काही नाही.
पायाने तिचं तोंड सरकवलं
वीतभर डावीकडे.