दुसरा गिअर

बादरी पोलंडला कामाला गेला, तेव्हा निवाची किल्ली देताना म्हणाला,
"दुसऱ्या गिअरला जरा समजवावं लागतं."
एवढंच.
बॅटरी, वायपर, सुट्या टायरमधली हवा
यांवर तासभर बोलला,
आणि दुसऱ्याबद्दल हे एक वाक्य,
घरातल्या एखाद्या चक्रम काकाबद्दल पाहुण्यांना सांगावं तसं.

ओनीच्या चढावर मला कळलं.
पहिल्यातून काढला, दुसऱ्यात सारला,
आणि गाडीनं असे करकरा दात खाल्ले
की कुंपणावरची कोंबडी उडाली,
नि अक्रोडाखाली सोंगट्या खेळणारे चौघे
माना वळवून बघायला लागले.
मी इथली नर्स.
चौघांनाही मी सुया टोचल्या आहेत,
एकानंही आजवर 'आई गं' म्हटलं नव्हतं.
आज म्हणाले.
गाडीसाठी.

मग बादरीची युक्ती उलगडली:
तो दुसरा टाकतच नसे.
पहिल्यात गाडी रडेपर्यंत ताणायची,
की थेट तिसरा,
हिसके देत, धापा टाकत ती सावरेपर्यंत
खिडकीबाहेर बघायचं.
अकरा वर्षं.
(वडिलांशीही तो असंच बोले.
आधी गप्प, मग एकदम ओरडणं.)

ग्रामितोन मेकॅनिक एका कानानं बहिरा.
लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवून
त्यानं मूठ चांगल्या कानाला लावली,
डोळे मिटले.
मला वाटलं, आता म्हणेल, खोल श्वास घ्या.
खालचं बूच काढलं. काळं तेल परातीत आलं.
त्यात बोट बुडवून त्यानं उन्हात धरलं:
बोटावर सोनेरी भुगा.
"पितळ. सिंक्रोची कडी झिजली.
दोन चाकांचे वेग ती जुळवायची,
मग दात दातांत बसायचे.
आता जुळवायचं ते तू."
"नवी कडी?"
"कुटाइसीहून येईल."
"कधी?"
त्यानं बर्फाकडे पाहिलं.

शिकवणी चर्चमागच्या माळावर.
क्लच दाब. न्यूट्रलला आण. क्लच सोड.
सोडू?
सोड. आता ॲक्सिलरेटरला नुसतं बोट लाव.
इंजिन वर चढेल, ऐक,
ते उतरायच्या आत पुन्हा क्लच, आणि दुसरा.
मी ढकलला. करकर.
"गाय आहे का ती, ढकलायला?"
घाई केली, करकर.
थांबले, करकर.
एकदा तर दातखीळच बसली,
ना पुढे ना मागे.
रात्री डाव्या पोटरीला
मीच माझं मलम चोळलं.

फेब्रुवारीत गेबीहून फोन आला,
पेलो आजीला श्वास लागलाय.
औषधांची पेटी शेजारच्या सीटवर, तिलाच पट्टा बांधला.
नदीकडे उतरणारं ते वळण काचेसारखं गोठलेलं,
ब्रेकला पाय लावला असता
तर सरळ रिओनीत.
तिसऱ्यातून दुसरा हवा होता, आणि आत्ताच.
दाब. मध्ये आण. सोड.
अंधारात मी फक्त इंजिन ऐकत होते,
बायका बाळंतपणात ऐकतात तसं, पोटातून.
बोटभर ॲक्सिलरेटर. दाब.

काजात बटण जावं तसा तो गेला.

कुणी पाहिलं नाही. एक कोल्हा होता, तोही पाठमोरा.
आजीला इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला.
तासाभरानं तिनं मास्क बाजूला करून विचारलं,
असे बूट घालून घरात कशी आलीस?

कडी एप्रिलमध्ये आली.
ग्रामितोनच्या फळीवर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
बुधवारी आण, बसवू, म्हणतो.
तीन बुधवार गेले.

काल बादरीचा फोन, मी गाडीत.
पगार, पाऊस, खोलीतला घोरणारा युक्रेनी,
आणि मग जरा चाचरत,
"दुसरा काय म्हणतो?"
मी फोन डॅशबोर्डवर उताणा ठेवला.
ओनीचा चढ समोर.
दाब, सोड, बोटभर, दाब.
"हॅलो?" तो म्हणाला.
"हॅलो? लामारा? लाइन गेली का?"