हापशाची वही

मी एनेलेसी. माझ्याकडं वही आहे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे,
आणि डब्याच्या तीन कुलपांपैकी एकाची किल्ली.
बाकीच्या दोन, दोघींकडं.
त्यातली एक माझ्याशी बोलत नाही.

घरटी दोनशे क्वाचा, महिन्याच्या पहिल्या रविवारी,
चर्च सुटल्यावर, आंब्याखाली.
म्हातारी फालेस आणते टोपलीभर मका, तोही लिहिते मी.
जाइलोसी देतो पुढच्या महिन्याचा शब्द.
शब्दासाठी मी वेगळा रकाना आखलाय.
तोच आधी भरतो.

ऑक्टोबरात दांडा हलका झाला.
वर-खाली, वर-खाली, आतून नुसता खोकला.
बायका पुन्हा दलदलीतल्या खड्ड्याकडं निघाल्या,
जिथं गुरं आपल्याआधी पितात.

मेकॅनिक आला सायकलवरून.
दहा सळ्या त्यानं एकेक ओढून काढल्या,
मातीत ओळीनं निजवल्या,
आणि शेवटी तळहातावर धरली
एक रबरी वाटी, झिजून कानाच्या पाळीएवढी मऊ.
एवढंच? एवढंच.
नवी सलिमाच्या बाजारात मिळते,
रोख.

तीन किल्ल्या, तीन बायका, डबा उघडला.
हवे त्याच्या निम्मेही नव्हते.
मागून कोणीतरी म्हणालं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.
हापशात थेंब नव्हता,
तरी सगळं गाव मला पाण्यात पाहू लागलं.

मग मी वही मोठ्यानं वाचली.
मार्च, जाइलोसी, शब्द.
एप्रिल, जाइलोसी, शब्द.
मे, गावप्रमुखाचं घर, काही नाही.
इथं आवाज जरा अडखळला, पण पुढं सरकला.
जुलै, एनेलेसी, बाकी.
पोरगी तापली होती तेव्हा, पण ते वहीत नाही,
आणि मी ते वाचलं नाही.

कोणी हललं नाही बराच वेळ.
मग तिनं, जी बोलत नाही,
कमरेच्या चितेंजेची गाठ सोडली,
दोन चुरगळलेल्या नोटा मेकॅनिकच्या हातात दिल्या
आणि त्यालाच म्हणाली,
हे हिच्या जुलैचे.

फालेसचा मका विकला. गावप्रमुखानं कोंबडा दिला,
कुरकुरत.

चौथ्या दिवशी पाणी आलं, आधी गंजाचं, मग गंजाशिवाय.
रांगेत पहिला जाइलोसी, दोन बादल्या घेऊन.

मी नवं पान घेतलं, पट्टी ठेवली.
शब्दाचा रकाना ठेवलाय मी अजून,
थोडा अरुंद आखलाय.