पाणीपट्टी

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
बुर्माकानला मूळ तोंडपाठ आहे:
हिमनदीच्या निळ्या ओठाखाली, दगडांच्या ढिगातून
आधी नुसता आवाज येतो, मग पाणी.
तिला विचारू नये ते मुख.

एकूण एकेचाळीस किलोमीटर.
वरच्या सोळांत नदी कुणाचीच नाही,
याक ओलांडतात तेवढंच.
मग सूचिपर्णी झाडांची उतरण, घोड्यांचं कुरण,
एक लाकडी पूल, ज्याची तिसरी फळी
दर वसंतात कुणीतरी सरपणाला नेतं,
आणि पुलाखाली उभी लोखंडी पट्टी,
शून्य ते दोनशे सेंटिमीटर,
तिच्या बापाने रंगवलेली.

सकाळी आठ, रात्री आठ.
एकवीस वर्षं.

उन्हाळ्यात रात्रीचा आकडा मोठा,
कारण दुपारी वर वितळलेलं ऊन
इथे पोचेतो अंधार पडतो.
पाणी तेव्हा दुधट, दळल्या दगडाचं.
बादलीत रात्रभर ठेवलं की
तळाशी बोटभर डोंगर.

खाली अकरा पाट फुटतात.
बटाटे, जर्दाळू, तोक्तोसुनचा लसूणघास.
पाळीवरून दोन भाऊ सात वर्षं बोलत नाहीत,
कुदळ मात्र दोघांत एकच.
अकराव्या पाटानंतर नकाशावर
निळी रेघ तुटक होत जाते
आणि इसिक-कुलच्या अलीकडे
छापणाऱ्याची शाई संपावी तशी थांबते.

त्या जूनमध्ये एका रात्री धोंडे गडगडले.
सकाळी पट्टी कोरड्या गोट्यांत उभी,
नदी चाळीस पावलं पलीकडे,
जणू पहिल्यापासून तिथेच राहायला.
जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन: आकडा?
"नदी उठून गेली," बुर्माकान म्हणाली.
"ते ठीक. आकडा?"
तिने बापाची काठी पाण्यात उभी केली,
ओल जिथवर आली तिथे अंगठा दाबला
आणि तो तसाच धरून घरी चालत आली,
फुटपट्टीपाशी.

आता जानेवारी. पाट बंद,
शेतं दगड झालेली, पाणी कुणालाच नको.
ती काठाकाठाने गेली, अकराव्या पाटाच्याही पुढे,
झुडपांतून, कुणाच्या तरी बुडक्या होडीवरून.
बर्फाखालून वीतभर धार
सरोवरात उतरत होती.
सरोवर गोठत नाही इथलं.
ती बराच वेळ उभी राहिली, बूट भिजेपर्यंत.

वहीत मुखासाठी रकाना नाही.
तिने समासात लिहिलं: पोचली.
मग, सवयीने, वेळ.